नकाराइतकाच होकारही तपासा

१९८१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हमरस्त्याच्या कडेने एक माणूस भरकटत चाललेला आढळला. अंगावर जखमा आणि रक्त, भान हरपलेले. त्याला मानसिक आरोग्य केंद्रात नेले तेव्हा आपण स्वर्गात पोहोचलो आहोत अशी त्याची समजूत होती, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी तशी नोंदही केली. त्याच केंद्रात त्याच्यापुढे छापील फॉर्म ठेवले गेले: मी स्वेच्छेने दाखल होत आहे, मला उपचार मान्य आहेत. त्याने सह्या केल्या. तीन दिवसांनी सरकारी मनोरुग्णालयात हलवल्यावर पुन्हा फॉर्म, पुन्हा सह्या. तिथे तो सुमारे पाच महिने राहिला. एवढ्या काळात कोणत्याही न्यायाधीशासमोर त्याची सुनावणी झाली नाही, कारण कागदोपत्री तो स्वतःहून आलेला होता. बाहेर पडल्यावर त्याने दावा लावला. 'झिनर्मन विरुद्ध बर्च' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, त्याला सरकारी रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध दाद मागता येईल असे ठरवले. अशा अवस्थेतल्या माणसाची सही घेताना ती त्याने समजून केली आहे की नाही, हे पाहायची काहीच सोय ठेवलेली नव्हती, हा त्यातला मुद्दा होता.

त्या दिवशी कुणालाच शंका कशी आली नाही? माणूस 'हो' म्हणाला, म्हणून. त्याने 'मला इथे राहायचे नाही' असे म्हटले असते, तर त्याच क्षणी त्याच्या भानाची चौकशी सुरू झाली असती. मनोरुग्णाच्या संमतीबद्दल आपल्याकडे होणारी चर्चाही अशीच एका बाजूला कललेली असते. रुग्णाने गोळी नाकारली की तो आजाराचा भाग, घेतली की सुधारणा. दवाखान्यात, घरात आणि बऱ्याचदा न्यायालयातही प्रश्न उभा राहतो तो नकारानंतरच. माझे म्हणणे असे की हा दुजाभाव जाईपर्यंत उपचार नाकारण्याच्या हक्काला अर्थ नाही, आणि संमती देण्याच्या हक्कालाही नाही. पाहायची असते ती निर्णय घेण्याची क्षमता, आणि ती उत्तर ऐकण्याआधी पाहायची असते. एकदा ती आहे असे ठरले, की उत्तर आपल्याला आवडो वा न आवडो, ते त्या माणसाचे.

याच्या नेमके उलट प्रकरण इंग्लंडमधले आहे. ब्रॉडमूर हे तिथले कडक बंदोबस्ताचे मनोरुग्णालय. तिथल्या ६८ वर्षांच्या एका रुग्णाला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. आपण जागतिक कीर्तीचे डॉक्टर असून आपल्या हातून आजवर एकही रुग्ण दगावलेला नाही, असा त्याचा ठाम भ्रम होता. त्याच्या पायाला गँगरीन झाले. गुडघ्याखाली पाय कापला नाही तर जगण्याची शक्यता जेमतेम १५ टक्के, असे सर्जनचे मत पडले. रुग्णाने पाय कापू द्यायला नकार दिला. सडलेला भाग साफ करायला, इतर उपचार करायला त्याची हरकत नव्हती. कापायचे तेवढे नाही. पुढे कधीही आपल्या संमतीशिवाय पाय कापणार नाही अशी हमी त्याने मागितली, रुग्णालयाने ती दिली नाही, तेव्हा तो न्यायालयात गेला. कायद्याच्या पुस्तकांत त्याचे नाव नाही, फक्त 'सी' एवढे अक्षर आहे. १९९३ साली न्यायमूर्ती थॉर्प यांनी तीन गोष्टी तपासल्या: उपचारांविषयीची माहिती त्याला समजते आणि लक्षात राहते का, त्या माहितीवर त्याचा विश्वास बसतो का, आणि फायदा-तोटा तोलून तो निर्णयाला येऊ शकतो का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले. मोठा डॉक्टर असल्याचा भ्रम होता खरा, पण एका पायाने जगण्यापेक्षा दोन पायांनी मेलेले बरे, हे मत त्या भ्रमातून आलेले आहे असे दाखवता आले नाही. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. (सुनावणीपर्यंत साध्या उपचारांनीच तातडीचा धोका टळला होता. पण तो नसता टळला तरी निकाल चुकीचा ठरला नसता. क्षमता परिणामावरून ठरत नाही.)

ही दोन माणसे शेजारी-शेजारी उभी केली की आपली नेहमीची पट्टी कुठे चुकते ते दिसते. पहिला डॉक्टरांच्या मनासारखे वागला आणि त्याला काही कळत नव्हते. दुसरा डॉक्टरांच्या विरोधात गेला आणि त्याला सगळे कळत होते. आजाराचे निदान दोघांच्याही बाबतीत गंभीरच, पण निदानावरून क्षमता ओळखता आली नाही, उत्तरावरून तर नाहीच. क्षमता ठराविक निर्णयापुरती आणि ठराविक वेळेपुरती असते. शेजारी आपल्यावर यंत्राने किरण सोडतात असे मानणारी बाई कोणत्या गोळीने आपले वजन वाढते हे बिनचूक सांगू शकते. उन्मादाच्या भरात असलेला तरुण आज काही ऐकून घेण्याच्या अवस्थेत नसेल, दहा दिवसांनी असेल.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही, मोजलेले आहे. ग्रिसो आणि ॲपलबाम या अमेरिकी संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयात असलेल्या रुग्णांची निर्णयक्षमता वेगवेगळ्या कसोट्यांवर तपासली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी ७६ टक्के सगळ्या कसोट्यांवर पुरेसे उतरले. म्हणजे स्किझोफ्रेनियात निम्म्यांची क्षमता कुठे ना कुठे कमी पडते हेही खरे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण आता दुसरी बाजू पाहा. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. मनोविकार विभागांत सरासरी ४५ टक्के रुग्णांची निर्णयक्षमता अपुरी आढळली आणि शरीराच्या आजारांसाठी दाखल झालेल्यांत ३४ टक्क्यांची. फरक आहे, पण आपण कल्पना करतो तेवढा नाही. न्यूमोनियाने, यकृताच्या विकाराने, नुसत्या तापाने बरळणाऱ्या रुग्णाच्या सह्या आपल्या रुग्णालयांत रोज घेतल्या जातात. २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात तर सामान्य वॉर्डातल्या किमान ४० टक्के रुग्णांत क्षमता अपुरी निघाली आणि त्यातले बहुसंख्य डॉक्टरांच्या लक्षातही आले नव्हते. कारण उघड आहे. ते रुग्ण मुकाट्याने सही करत होते.

भारतातल्या कायद्याने हा प्रवास उशिरा केला, पण एका उडीत बराच केला. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टचा रोख बंदोबस्तावर होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला, त्यातही नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर माणसाला ९० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येत असे. दाखल झाला म्हणजे उपचारांना वेगळी संमती कशाला, अशीच धारणा होती. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी इथे खांबांना साखळीने बांधलेली २५ हून अधिक माणसे आगीत जळून मेली, तेव्हा देश हादरला. २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि जुना कायदा त्याच्याशी जुळेना. त्यातून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २०१८ च्या मे महिन्यात तो अमलात आला. त्याचे कलम ४ मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक माणसाला, मनोरुग्णालाही, आपल्या उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असे ते धरून चालते. त्यासाठी माहिती त्याला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायला सांगते. आणि पुढे स्पष्ट म्हणते की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असे मानता येणार नाही. ब्रॉडमूरच्या त्या म्हाताऱ्याचा खटला जणू एका ओळीत उतरला.

या कायद्यानुसार स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत आणि तो मागेल तेव्हा त्याला घरी सोडावे लागते. फार तर २४ तास थांबवून तपासणी करता येते. संमतीविना दाखल करायचे तर दार अरुंद आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एखादा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायला हवे. रुग्णाने नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली, दुसऱ्यावर हिंसा केली, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके अशक्य झाले की त्यात धोका आहे, यांपैकी काहीतरी असायला हवे. हे दाखल करणे ३० दिवसांपुरते असते. त्यात दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा तपासायची असते आणि कायद्याने नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाला कळवायचे असते. दाखल झालेल्याचाही आवाज बंद होत नाही: त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या मदतीने त्याचीच संमती घ्यायची. त्याला जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तरच प्रतिनिधी तात्पुरती संमती देऊ शकतो. भूल न देता विजेचा शॉक देणे, साखळदंड घालणे, उपचार म्हणून नसबंदी करणे यांवर सरळ बंदी आहे. तिथे कुणाची संमतीही चालत नाही. या शेवटच्या बंदीमागचे कारण महाराष्ट्राला माहीत असायला हवे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली होती. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता ठेवणे जड जाते, हे समर्थन होते. संस्था राजी होती, सरकार राजी होते. मुलींना काय वाटते हा प्रश्न निघाला तो वर्तमानपत्रांत गदारोळ झाल्यावर.

कायद्यात दोष नाहीत असे नाही. क्षमतेचे तीन निकष त्याने असे जोडले आहेत की शब्दशः वाचल्यास तिन्हींपैकी एक पुरला तरी चालेल. नुसता निर्णय बोलून दाखवता आला तरी माणूस सक्षम. मानसोपचारतज्ज्ञांनी यावर टीका केली आहे आणि ती रास्त आहे. विशेष म्हणजे या ढिलाईने नुकसान होते ते होकार देणाऱ्याचे. स्वर्गात पोहोचलेला फ्लोरिडाचा माणूसही या मापाने सक्षम ठरला असता.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप मानसोपचारतज्ज्ञांचा आणि घरच्यांचा एकच आहे: आपण आजारी आहोत हेच ज्याला उमगत नाही, त्याच्या नकाराला कसली किंमत? स्किझोफ्रेनियात हे न उमगणे फार आढळते, त्यात ढोंग नसते आणि हट्टही नसतो. ज्याला ते इतके उमगत नाही की औषधाविषयीची माहिती त्याच्या मनात उतरतच नाही, त्याच्यापाशी त्या वेळी क्षमता नाही. कायद्याचा रोखही तोच आहे आणि तो पुढचा मार्गही देतो. पण नकार म्हटले की सरसकट हेच कारण चिकटवायचे, हे मात्र नाही. नकारात काय आहे ते ऐकावे लागते. मनोविकारांवरच्या काही औषधांनी पाय एका जागी ठरत नाहीत. बसवत नाही, झोपवत नाही, माणूस येरझाऱ्या घालत राहतो. ही अस्वस्थता आजार बळावल्याची खूण समजून डोस वाढवला जातो आणि येरझाऱ्या वाढतात, ही चूक वैद्यकाला चांगली ठाऊक आहे. ऑलान्झापिनने वजन आणि साखर वाढते. काही जुन्या औषधांच्या दीर्घ वापराने ओठ-जीभ आपोआप चाळवत राहतात आणि औषध थांबवूनही ते जातेच असे नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भातल्या बाळाला घातक ठरू शकते. मूल हवे असलेली बाई ही गोळी नको म्हणते, तेव्हा ती तिच्या डॉक्टरांपेक्षा कमी शहाणी नसते. आणि एका गोळीला नकार म्हणजे उपचारांना नकार नव्हे. मधुमेही माणसाने इन्सुलिन नको, आधी गोळ्याच बघू म्हटले तर डॉक्टर त्याच्याशी घासाघीस करतात. मनोरुग्णाच्या वाट्याला ही घासाघीस फार क्वचित येते.

ही घासाघीस टाळण्याची आपल्याकडची रूढ वाट म्हणजे चहा-जेवणातून औषध देणे. वासचव नसलेले थेंब आमटीत जातात, गोळीची पूड कणकेत मळली जाते. देणाऱ्या आईबापांची हतबलता मी कमी लेखत नाही. रात्र-रात्र जागून, मार खाऊन, शेजाऱ्यांची बोलणी ऐकून माणसे इथवर येतात. तरीही परिणामांकडे पाहावे. किती औषध पोटात गेले हे डॉक्टरला कळत नाही, रक्ततपासणीसाठी कारण सांगता येत नाही, आणि लिथियम किंवा क्लोझापिनसारखी औषधे रक्त न तपासता देणे म्हणजे जिवाशी खेळ. दारू सोडवण्यासाठी नकळत डायसल्फिराम देणे तर उघड धोक्याचे आहे: ते पोटात असताना दारू प्यायला तर ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित मृत्यूही येतो. आपल्या पोटात काय आहे हे माहीत असते तर कदाचित तो प्यायला नसता. शिवाय 'माझ्या जेवणात काहीतरी कालवतात' हा संशय ज्याचा आजार आहे, त्याच्या बाबतीत तो आपणच खरा करून ठेवतो.

दुसरा आक्षेप: बरे झाल्यावर रुग्णच आभार मानतो, मग आता कशाला विचारायचे? काही जण मानतात, हे खरे. पण इंग्लंडमध्ये सक्तीने दाखल केलेल्या रुग्णांना वर्षभराने विचारले, तेव्हा भेटलेल्यांपैकी ४० टक्क्यांनी दाखल करणे योग्य होते असे सांगितले. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा: सक्ती नेहमीच अन्याय असते असे म्हणणाऱ्यांना तो खोटे पाडतो, आणि सगळे शेवटी आभारच मानतात असे म्हणणाऱ्यांनाही. घरी सोडल्यावर उपचारांची सक्ती चालू ठेवली तर रुग्ण परत दाखल होण्याचे प्रमाण घटते का, हेही इंग्लंडमध्येच २०१३ साली तपासले गेले. तीनशेहून अधिक रुग्णांचे दोन गट केले होते, एकावर दीर्घ सक्ती, दुसऱ्यावर अल्पकाळाची. वर्षभरात दोन्ही गटांतले ३६ टक्के रुग्ण परत दाखल झाले. जीव वाचवण्याची वेळ वेगळी, आणि तिची सोय आपल्या कायद्याने केली आहे: नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. फक्त त्या नावाखाली शॉक देता येत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नातल्या माणसाला हक्काच्या नावाने मरू द्या, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या परिस्थितीतून येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात नकाराच्या हक्काची चैन कशाला? शिवाय इथे रुग्णाला सांभाळते ते कुटुंब, आणि कायदा त्यालाच बाजूला सारतो, असे म्हटले जाते. यातला दुसरा भाग वाचनातला घोटाळा आहे. रुग्णाने स्वतः कुणाला नेमले नसेल तर प्रतिनिधी म्हणून पहिला हक्क नातेवाइकाचाच आहे. कायद्याने एवढेच केले की रुग्णाला दुसरे कुणी हवे असेल तर ते निवडता यावे. कुटुंब नेहमीच रुग्णाच्या बाजूचे असते असे मानायला महाराष्ट्रात तरी जागा नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे राहिलेली माणसे आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्याबद्दल राज्य सरकारला जाब विचारावा लागला. राहिला उपचारांच्या तुटवड्याचा प्रश्न. माणसे दवाखान्यात येत नाहीत याची कारणे अनेक आहेत: अंतर, पैसा, लाज. पण आत गेलो की आपले कुणी ऐकणार नाही, धरून शॉक देतील, ही भीतीही त्यात आहे. ती भीती सक्ती वाढवून कमी होणार नाही.

या सगळ्यात जी तरतूद रुग्ण, कुटुंब आणि डॉक्टर या तिघांच्याही कामाची आहे, तिचा वापर सर्वांत कमी होतो. ती म्हणजे आगाऊ निर्देश. आपली क्षमता हरपली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे कोणाही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येते. त्यासाठी आजारी असावे लागत नाही. मागच्या वेळी कोणत्या इंजेक्शनने मान वाकडी झाली, कोणत्या औषधाने झोप लागली, कोणता भाऊ जवळ हवा आणि कोणता नको, हे सगळे त्यात येऊ शकते. भान असताना माणूस ते बदलू शकतो. डॉक्टरला ते पाळावे लागते, पटले नाही तर पुनरावलोकन मंडळाकडे जाता येते, आणि वैध निर्देश पाळल्यामुळे पुढे अनपेक्षित काही घडले तर कायदा डॉक्टरला जबाबदार धरत नाही. इथे होकार आणि नकार दोन्ही शुद्धीत, एकाच कागदावर आणि सारख्याच वजनाने लिहिले जातात. घरात कुणाला असा आजार असेल, तर सध्या तो माणूस बरा असताना, पुढच्या तपासणीच्या दिवशी, डॉक्टरांपुढे हा विषय काढा आणि लिहायला बसा. लिहिताना मात्र पेन त्याच्या हातात द्या.